हिरवी बाटली आणि पातीचं धिरडं

आज आम्ही बोलणार आहोत एका जेवणाबद्दल. आमच्या गटातल्या आम्ही सातजणी गेल्या थंडीत पुण्याच्या एका कोरियन हॉटेलात जेवून आलो. ते नुसतं हॉटेल नाही, तिथं दारूही मिळते. म्हणजे आपल्या भाषेत परमिट रूम. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आम्ही एसटीतून खाली उतरायच्या आत गावात बातमी पोचली होती, की बचत गटाच्या बायका बारमध्ये बसून आल्या.

ते बोलणं आम्हाला का लागलं, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान आम्हीच बंद पाडलं. आडव्या बाटलीचं मतदान सोपं नसतं. मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आम्ही बाळंतिणीला रिक्षात घालून आणलं होतं, नांदायला गेलेल्यांना फोन करकरून बोलावलं होतं. आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आक्का, त्यांचे मालक दारूपायीच गेले. तेव्हा बाटलीच्या धंद्याला हात लावायचा नाही, हे आमच्या गटात कुणी लिहून ठेवलेलं नसलं तरी ठरलेलंच होतं.

मग गेलो कशाला? तर भाजीसाठी. आमचा गट भाजी पिकवतो. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा मोठा मोटारींचा कारखाना ह्युंदाईनं घेतला आहे. या कंपन्यांबरोबर कोरियातले साहेब आले, त्यांची बायकामुलं आली, आणि त्यांच्या जिभेसाठी हॉटेलंही आली. त्या हॉटेलांना लागतो चायनीज कोबी. आपल्या गोल गड्ड्यासारखा नसतो तो, उभा, लांबट, पानं सुटी आणि मऊ. शिवाय लांब पांढरा मुळा, कांद्याची पात, लसूण आणि आलं. यातलं चायनीज कोबी सोडून सगळं आपण पिढ्यान्‌पिढ्या लावतो. एका व्यापाऱ्यानं आमचा नंबर त्या हॉटेलच्या बाईंना दिला. बाई साठीच्या, कोरियाच्याच. त्यांनी निरोप पाठवला, आधी जेवायला या, तुमच्या कोबीचं मी काय करते ते बघा, मग भावाचं बोलू.

यावर दोन संध्याकाळी आमची वादावादी झाली. दारू विकणाऱ्याला भाजी घालायची का? एकीचं म्हणणं, कोबीनं काय पाप केलंय. दुसरी म्हणाली, मग मतदानाच्या वेळी दारोदार फिरलो ते कशाला? शेवटी आक्का म्हणाल्या, “बघून तर येऊ. न बघता नावं ठेवणं मला पटत नाही.” त्याच म्हणाल्या म्हणून आम्ही निघालो.

आत गेल्यावर पहिलं नवल टेबलाचं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध शेगडी आणि वरून धूर ओढून घेणारं पत्र्याचं नळकांडं लोंबतं. मटण कच्चंच आणतात आणि तुमच्यासमोर भाजतात. आणि कापायला काय, तर कात्री! चांगली मोठी, शिंप्याकडे असते तशी. चिमट्यानं मटण धरायचं आणि कात्रीनं कचाकचा तुकडे करायचे. आमच्यातली जी शिवणकाम करते तिला हसू आवरेना. पण खरं सांगू, घरी आल्यावर आता कोथिंबीर आणि पात आम्ही कात्रीनंच कापतो, पाट-विळी घेऊन बसावं लागत नाही.

अजून काही मागवलं नव्हतं, तोवर आठ-दहा वाट्या टेबलावर आल्या. आम्ही घाबरलो, याचं बिल कोण देणार? वाढणारी मुलगी मिझोरमची, हिंदीत म्हणाली, “मौसी, ये सब साथ में आता है, और भी मिलेगा.” याला ते बान्चान म्हणतात. आपल्या ताटात डावी बाजू असते ना, चटणी, कोशिंबीर, लोणचं, तसं समजा. फक्त त्यांची डावी बाजूच निम्म्या टेबलावर पसरलेली. किमची होती, तिळाच्या तेलातला वाफवलेला पालक होता, मुळ्याच्या फोडी होत्या, गोडसर शिजवलेले बटाटे होते आणि मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर. ती खाताना आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आपल्याकडे लातूरपासून विदर्भापर्यंत पोत्यांनी सोयाबीन पिकतं आणि सगळं तेलाच्या गिरणीला जातं. आपण ते कधी मोड आणून खाल्लं आहे का? या लोकांचं सगळं स्वयंपाकघर सोयाबीनवर उभं. उकडून, कुटून त्याच्या विटा करतात, टांगून वाळवतात, आंबवतात, मग मिठाच्या पाण्यात मुरवतात. वरचं पाणी ते सोया सॉस आणि खालचा गाळ ती त्यांची त्वेनजांग नावाची चटणी. हे सगळं मातीच्या रांजणांत अंगणात किंवा गच्चीवर ठेवतात, आपण वाळवणं घालतो तसं. युनेस्कोनं जगाचा वारसा म्हणून ज्या परंपरांची यादी केली आहे, तीत २०१३ साली त्यांचं सगळ्यांनी मिळून किमची घालणं गेलं आणि २०२४ साली हे सोयाबीन मुरवणंही गेलं. घरातल्या बायकांचंच हे काम. आपल्या कुरडया-पापडांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं, असं आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं.

आता वाट्या सगळ्यांच्या मध्ये. प्रत्येकानं आपल्या काड्यांनी किंवा चमच्यानं त्यातूनच घ्यायचं अशी त्यांची रीत. आक्कांना ते उष्टं वाटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण हात मागे घेतला. बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी मुकाट्यानं आक्कांसाठी वेगळ्या वाट्या आणवल्या. काड्या स्टीलच्या असतात, गुळगुळीत. आमच्या हातून सगळं निसटत होतं. पण भात ते लोक चमच्यानंच खातात, म्हणून निभावलं.

आमच्यातल्या एक मावशी माळकरी आहेत. तुमच्यापैकी कुणावर असा प्रसंग आला तर हे लक्षात ठेवा. किमची कोबीची असली तरी तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं. आमटीसारखी दिसणारी रस्साभाजीसुद्धा बऱ्याचदा सुक्या मासळीच्या पाण्यात शिजवलेली असते. नुसतं “व्हेज आहे का” विचारून चालत नाही, कारण वरून मटण नाही म्हणजे व्हेज, असा कुणाचा समज असू शकतो. मासा, कोळंबी, अंडं, असं एकेक नाव घेऊन विचारायचं. मावशींना बाईंनी बिबिमबाप दिला, अंडं आणि मटण वगळून. गरम दगडी वाडग्यात भात, वर पाच-सहा भाज्या आणि मिरचीची लाल चटणी, सगळं कालवून खायचं. खालचा भात खरपूस लागतो. मावशींनी खरवडून खाल्ला. बाई म्हणाल्या, आमच्याकडे बौद्ध मठांतल्या जेवणात तर मटण-मासळी नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. मावशी एकदम खूश. चातुर्मास पाळणारे कोरियातही आहेत म्हणाल्या.

बाकीच्यांनी कोंबडी भाजून घेतली. भाजलेला तुकडा सॅलडच्या पानात ठेवायचा, त्यावर लसणाची पाकळी, चटणी, पानाची पुरचुंडी करायची आणि एकाच घासात तोंडात. तुकडे करून खाल्लं तर मजा गेली. शेजारणीला भरवायचाही त्यांच्यात रिवाज आहे. खरं त्यांचं आवडतं म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मटण. आमच्यातल्या एकीनं ते चाखलं. नाव सांगत नाही, तिच्या सासूबाई हा कार्यक्रम ऐकतात.

आणि मग आलं पाजॉन. नाव काहीही असो, ते आपलं धिरडं आहे. पीठ भिजवून त्यात कांद्याची लांब लांब पात घालून तव्यावर जाडसर सोडलेलं. पाऊस पडायला लागला की कोरियात लोकांना हे आठवतं, जसं आपल्याला भजी आठवतात. फक्त त्याच्याबरोबर ते चहा पीत नाहीत, माक्कोली पितात. इथून दारूची गोष्ट सुरू होते.

माक्कोली म्हणजे तांदळाची आंबवलेली दारू. वाफवलेला भात, गव्हाच्या आंबवणाची वडी आणि पाणी, एवढंच. ताकासारखी पांढरी, गढूळ. सहा-सात टक्के अल्कोहोल, वाडग्यातून पितात. पूर्वी ती घरोघर बायकाच घालायच्या. वाटेवरचे गुत्ते, त्यांना जुमाक म्हणत, तेही बायकाच चालवत, जेवण-झोपायची सोय आणि माक्कोली, सगळं एका जागी. पुढे जपान्यांचं राज्य आलं, दारूवर कर बसले, परवाने आले आणि घरची दारू बेकायदा ठरली. आपल्याकडेही इंग्रजांनी अबकारी कायदा आणला, तेव्हा आदिवासींच्या मोहाच्या दारूचं हेच झालं. दारू थांबली नाहीच, घरातून उठून ठेकेदाराच्या हातात गेली.

दुसरी म्हणजे सोजू. हिरव्या काचेची बाटली, पाण्यासारखी स्वच्छ. पूर्वी तांदळाची गाळायचे. १९६५ साली कोरियात धान्याची टंचाई होती, म्हणून सरकारनं दारूसाठी तांदूळ वापरायला बंदी घातली. मग कारखान्यांनी रताळं, साबुदाण्याचा कंद असल्या वस्तूंपासून स्पिरिट काढलं, त्यात पाणी आणि गोडी घातली आणि स्वस्तात विकलं. आज जी हिरवी बाटली जगभर जाते ती बहुतेक अशीच बनते. म्हणजे टीव्हीत केवढीही छान दिसो, आहे ते पाणी घातलेलं स्पिरिट.

शेजारच्या टेबलावर पाच पुरुष बसले होते, कंपनीचे शर्ट घातलेले, दोघे कोरियन आणि तिघे आपल्याकडचे. आम्ही चोरून बघत होतो. कुणीच आपला पेला स्वतः भरत नव्हतं. दुसऱ्यानं भरायचा. मोठ्यानं ओतलं की धाकट्यानं दोन्ही हातांनी पेला धरायचा आणि तोंड बाजूला वळवून प्यायचं, वडीलधाऱ्यांचा मान म्हणून. आणि नुसतं पिणं नाही. पिताना जे खातात त्याला वेगळा शब्दच आहे, आन्जू. धिरडं, भाजलेलं मटण, तळलेली कोंबडी, सुकी मासळी. आक्का बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडं पिणारा जेवत नव्हता. ताट वाढून ठेवायचे, ते सकाळी गाईला घालायचे.”

आम्ही गप्प झालो. बाईंना त्या मुलीनं हिंदीतून सांगितलं. बाईंनी आक्कांसमोर जवाचा चहा ठेवला, भाजलेले जव उकळून करतात, थंड किंवा गरम देतात, आणि त्या आमच्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, तुम्हाला सगळं छान छान दाखवत नाही. आमच्याकडे ऑफिसच्या लोकांनी मिळून जेवायला जायची पद्धत आहे, साहेब ओततो आणि नाही म्हणता येत नाही. पहिली बैठक जेवणाची, मग दुसरं दुकान, मग तिसरं. बायको घरी वाट बघते. सकाळी उतरवायला वेगळं सूप मिळतं, ते विकणारी दुकानंच्या दुकानं आहेत, त्यावरून समजा. आता तरुण मुलं नाही म्हणायला लागलीत. २०१९ पासून नोकरीच्या जागी छळ करण्याविरुद्ध कायदा आहे, कुणाला जबरदस्तीनं पाजणंही त्यात धरलं जाऊ शकतं.

मग त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं, आणि ते ऐकायला आम्ही गेलो होतो असं आता वाटतं. १९७० साली कोरियात सरकारनं खेडी सुधारायची मोठी मोहीम काढली. सेमाउल, म्हणजे नवं गाव. रस्ते आणि घरांची छपरं सरकारच्या सिमेंटमधून झाली, पण गावोगावच्या बायकांनी आपले गट केले आणि दोन कामं हातात घेतली. एक, रोज भात टाकताना त्यातला चमचाभर तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकायचा. महिन्याला तो विकून गटाच्या खात्यात पैसे. आणि दुसरं, गावातला गुत्ता बंद करायचा, जुगार बंद करायचा. बाईंची आई त्या गटात होती. तिच्या गावच्या बायकांनी गुत्त्याच्या दारात धरणं धरलं होतं. गुत्तेवाली विधवा होती. तिला पुढे गटानंच किराणा दुकान काढून दिलं.

आमच्यातल्या एकीनं न राहवून विचारलं, मग तुम्ही हा धंदा कसा काय काढलात? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नवरा गेला, परक्या गावात दोन मुलं, आणि हॉटेलवाल्याला जेवणात फार काही सुटत नाही, सुटतं ते बाटलीत. आई होती तोवर दोनदा पुण्याला येऊन राहिली. हॉटेलात यायची, किमची चाखून मीठ कमी आहे म्हणायची. पण बाटल्यांच्या कपाटाकडे पाठ करूनच बसायची.

आक्कांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आता मुलींच्या आयांसाठी थोडं. आपल्या मुली मोबाईलवर कोरियन मालिका बघतात, मराठी-हिंदीतून बोललेल्या. बघू देत, वाईट काही नाही. पण त्या मालिकांत दर दोन प्रसंगांनंतर ही हिरवी बाटली येते. नायिका रडली की सोजू, प्रेम जमलं की सोजू. आमच्यातल्या एकीच्या बारावीतल्या मुलीनं विचारलं होतं, आई, ते सरबत असतं का गं? तिची काय चूक, पीच आणि द्राक्षाच्या चवीची सोजू येते, गोड लागते. म्हणून आकडे सांगतो. साध्या सोजूत १६ ते २० टक्के अल्कोहोल असतं, फळाच्या चवीच्या सोजूत १२-१३ टक्के. बाटली ३६० मिलीची. एक साधी बाटली म्हणजे बिअरच्या दोन मोठ्या बाटल्यांच्या जवळपास किंवा व्हिस्कीचे पाच लहान पेग. फळाची बाटलीही साडेतीन-चार पेगांना जाते, फक्त जिभेला कळत नाही. आपल्या राज्यात बिअर-वाईनला २१ वर्षं आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. मुलीला रागावून हे सांगू नका. रागावलं की ती मोबाईल पालथा ठेवते आणि पुढचं विचारत नाही.

आम्ही बिल विचारलं, बाईंनी घेतलं नाही. कार्डावर सोजूच्या बाटलीची किंमत मात्र बघितली. त्यांच्या देशात दुकानात ही सव्वाशेच्या आसपास मिळते, इथे कर-बिर लागून कित्येक पट. एका बाटलीच्या पैशात आमचे कोबीचे किती क्रेट येतील, याचा हिशेब आम्ही एसटीत केला आणि नंतर सोडून दिला.

भाजीचं काय ठरलं? ठरलं, पण सगळ्यांच्या मनासारखं नाही. नऊजणी हो म्हणाल्या, दोघी नाही. नाही म्हणणाऱ्यांत आक्का होत्या. आम्हाला वाटलं होतं, हातावर हात ठेवला म्हणजे त्या हो म्हणतील. त्या म्हणाल्या, “बाई चांगली आहे. तिचं हॉटेल वेगळं, आपला गुत्ता वेगळा, तेही मला कळतं. पण माझ्या हातानं तो क्रेट भरला जायचा नाही.” मग असं केलं की आक्का आणि ती दुसरी, दोघी मेथी-कोथिंबिरीचं बघतात, जे आठवडी बाजारात जातं. कोबीच्या पैशाचा वाटा त्यांच्या खात्यावर टाकायचा की नाही, यावर अजून बोलणं चालू आहे. आक्का घ्यायला तयार नाहीत.

किमची मात्र आक्कांनीच जमवली. बाईंनी सांगितलेली कृती, मासळी वगळून. एक किलो चायनीज कोबी, उभा चिरून पानापानांत जाडं मीठ भरायचं, दोन-तीन तास ठेवायचं, मग तीन पाण्यांनी धुवून निथळायचं. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गार करायची, त्यात लाल तिखट, ठेचलेलं लसूण-आलं, पात आणि मुळ्याचे बारीक काप. हे पानांना चोळून बरणीत दाबून भरायचं. बरणी गच्च भरू नका, चार बोटं जागा सोडा, आणि झाकण घट्ट लावू नका. आम्ही पहिली बरणी मार्चमध्ये घातली, झाकण आवळलं आणि घरी गेलो. आपल्या उन्हात ती दुसऱ्या दिवशीच उसळली, समाजमंदिराच्या भिंतीवर लाल शिंतोडे अजून आहेत. थंडीत दोन दिवस, उन्हाळ्यात एकच दिवस बाहेर ठेवा, रोज एकदा झाकण सैल करा, मग फ्रिजमध्ये.

मावशींना भाकरीबरोबर आवडली. आक्का म्हणतात मीठ कमी आहे.